कोकणातल्या घामात-पावसात आर्मर कुठलं? लेव्हल १ काढून लेव्हल २ घालू का?

वाशिष्ठी३५०

मंडळी, नमस्कार.

चिपळूण ते गुहागर रोजची ये-जा आहे, एका बाजूला ४५ किलोमीटरच्या आसपास. महिन्यातून एकदोनदा कुंभार्ली घाट चढून कराडकडे जाणं होतं. गाडी ३५० सीसी, बसण्याची ठेवण सरळ. जॅकेट जाळीचं आहे. आर्मर म्हणजे पडल्यावर ठोका झेलणारे पॅड, ते खांद्याला आणि कोपराला लेव्हल १ चे, पाठीच्या खिशात बोटभर जाडीचा काळा स्पंज. पायात साधी जीन्स, गुडघ्याला काही नाही.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, खरेदीबरोबर हेही मार्गी लावायचं आहे. बजेट ७ हजार, ताणून ८. विचारायचं ते असं:

सगळे पॅड लेव्हल २ करावेत का? पाठीचा स्पंज चालेल का? गुडघ्याला पट्ट्यांचे गार्ड घ्यावेत की सरळ रायडिंग पॅन्ट? आणि आपल्या दमट हवेत मऊ आर्मर टिकतं का? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

घाटवळण

आधी तो स्पंज बाहेर काढा आणि त्यावर काही छापलंय का ते बघा. ईएन, म्हणजे युरोपियन मानकाचा, क्रमांक नसेल तर तो फक्त खिसा भरायला घातलेला तुकडा आहे. अंगठ्याने दाबा, बोट पलीकडे टेकलं की समजा. तुमचा पहिला खर्च तिथेच.

खऱ्या पॅडवर शिक्का असतो. मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, मानकाचा क्रमांक आणि साल, मग अक्षरं. हातापायाच्या पॅडला ईएन १६२१-१, साल २०१२. एस म्हणजे खांदा, ई कोपर, एच खुबा, के गुडघा. के+एल असेल तर गुडघ्याबरोबर नडगीही झाकते. त्यापुढे ए किंवा बी येतं. ए कमी जागा झाकतं, बी जास्त. शेवटचा आकडा लेव्हलचा. पाठीसाठी ईएन १६२१-२, साल २०१४. तिथे एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी मधली पाठ, एलबी कंबर. छातीसाठी ईएन १६२१-३.

आता लेव्हलचा अर्थ. चाचणीत ५ किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पॅडवर सोडतात, म्हणजे ५० ज्यूलचा ठोका, आणि पॅडखाली किती बळ पोचलं ते मोजतात. हातापायाच्या लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंत. पाठीच्या लेव्हल १ ला १८, लेव्हल २ ला ९. पाठीच्या चाचणीतला ठोकळा वेगळ्या आकाराचा असतो, म्हणून हातापायाचे आणि पाठीचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. पण नुसते पाठीचे आकडे बघा: लेव्हल १ वरून २ वर गेलात की पोचणारं बळ निम्म्यावर येतं. पैसे घालायला याहून चांगली जागा तुमच्या जॅकेटात नाही.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. पॅड हे अंग रस्त्यावर आदळतं त्या ठोक्यासाठी. घसरत जाताना कातडी वाचवायचं काम कापडाचं. कापडाची प्रत कळते जॅकेटच्या आतल्या लेबलवरून, ईएन १७०९२, साल २०२०. वर्ग एएए सर्वात वरचा, मग एए, मग ए. बी म्हणजे कापड ए च्या तोडीचं पण आर्मरशिवाय. सी म्हणजे फक्त आर्मर धरून ठेवणारा कपडा, घसरण्यापासून संरक्षण नाही. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘सीई’ (युरोपातल्या नियमांत बसतं अशी खूण) लिहिलेलं पुष्कळदा नुसत्या आतल्या पॅडबद्दल असतं. हेल्मेटला आयएसआयची सक्ती आहे तशी जॅकेटला नाही, म्हणून लेबल आपणच वाचायचं.

वाशिष्ठी३५०

बघितलं. खांद्याला एस, बी, १. कोपराला ई, ए, १. स्पंज अगदी कोरा. जॅकेटच्या आत ईएन १७०९२, वर्ग ए.

जांभाखडी

जॅकेट ठीक आहे. लेव्हलच्या आधी एक गोष्ट तपासा, कारण कोकणात सगळ्यांची चूक तिथेच होते. उकडतं म्हणून लोक जॅकेट एक साइझ मोठं घेतात. वारा खेळतो खरा, पण पडताना बाही फिरते, पॅड कोपराच्या आतल्या बाजूला जातं आणि उघडं हाड रस्त्यावर. तेव्हा त्या पॅडवर १ होतं की २, काही फरक पडत नाही. जागेवर राहणारं लेव्हल १ हे सरकणाऱ्या लेव्हल २ पेक्षा केव्हाही चांगलं.

तपासायचं गाडीवर बसून. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही.

गाडी स्टँडवर लावा, जॅकेटची चेन आणि सगळे पट्टे नेहमीसारखे लावा, हँडल धरा. आता दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या कोपराचं पॅड बाहेरून चिमटीत धरून आतबाहेर फिरवायला सांगा. बोटभर हललं तर चालेल. दोन बोटांच्या वर सरकलं तर बाही सैल आहे. मग तेच पॅड मनगटाच्या दिशेने खाली ओढायला सांगा. कोपर वाकलेल्या अवस्थेत हाडाचं टोक पॅडच्या वाटीत मधोमध हवं, आणि पॅडचा लांब भाग मनगटाकडच्या हातावर उतरलेला हवा. पडताना बहुतेकदा कोपराच्या खालची बाजू आधी टेकते.

खांद्याला वाटीचा मध्य खांद्याच्या बाहेरच्या टोकाच्या हाडावर यायला हवा. हात पुढे घेतल्यावर ती वाटी मानेकडे चढत असेल तर पाठीला जॅकेट आखूड आहे. दंडावर उतरत असेल तर खांदे मोठे आहेत. बायकांनी पुरुषांचं जॅकेट घेतलं की हा दुसरा दोष हमखास येतो.

पाठीचं पॅड घेताना उंची मोजू नका. कंबरेपासून खांद्याच्या रेषेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा, पाठीच्या पॅडवर तेच छापलेलं असतं. बसल्यावर पॅडची खालची कड सीटला टेकून वर ढकलली जाऊ नये, आणि वरची कड हेल्मेटच्या मागच्या कडेला लागू नये. घाटात उतारावर मान वर करून बघावं लागतं, तिथे ही दुसरी अडचण लगेच जाणवते.

वाशिष्ठी३५०

भावाकडून कोपर फिरवून घेतलं. डावं बोटभर, पण उजवं चांगलं दोन-अडीच बोटं सरकतं. खांदे जागेवर आहेत. जॅकेट बदलण्याइतके पैसे नाहीत. काही उपाय?

जांभाखडी

आहे. एक बाजू जास्त सरकते म्हणजे आधी त्या खिशात हात घालून बघा. बऱ्याचदा पॅड खिशात तिरकं बसलेलं असतं किंवा खिशाचं वेल्क्रो सुटलेलं असतं. ते नीट असेल तर मग बाही.

दंडावर आणि कोपराखाली कसायचे पट्टे असतील तर ते दोन्ही कसा. मुख्य काम कोपराखालच्या पट्ट्याचं. तो नसेल तर शिंप्याकडून दीड इंची इलॅस्टिक आतल्या अस्तराला लावून घ्या, कोपराच्या खाली चार बोटं अंतरावर, हाताच्या घेरापेक्षा इंचभर कमी. शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांगा: सुई पॅडच्या खिशातून जाता कामा नये, आणि बाहेरच्या कापडावर नवी शिलाई नको. बाहेर पडलेली प्रत्येक टाक्यांची ओळ घसरताना आधी उसवते.

पॅड खिशात इकडेतिकडे हलत असेल तर खिसा पॅडच्या मापाला आणायचा, पॅड खिशाच्या मापाला कापायचं नाही. कडा कापलेलं पॅड चाचणीतलं पॅड राहत नाही.

आंबोलीमार्गे

दमट हवेचा प्रश्न अजून कुणी घेतला नाही, आणि आपल्याकडे तोच जास्त महत्त्वाचा.

मऊ आर्मर, म्हणजे डी३ओ, सास-टेक, नॉक्स वगैरेंचं, एरवी वाकतं आणि जोरात ठोका बसला की क्षणभर घट्ट होतं. हा गुण तापमानावर अवलंबून असतो. थंडीत असलं साहित्य कडक होतं, गरमीत मऊ पडतं, आणि फार मऊ पडलं की ठोका शोषण्याआधीच तळाला टेकतं. म्हणून पॅडवर ‘टी+’ आहे का ते बघा. टी+ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ठेवूनही चाचणी पास. ‘टी-’ म्हणजे उणे १० अंशाला. आपल्याला टी- चा काही उपयोग नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. टी+ मात्र पाहिजेच. एप्रिल-मेच्या उन्हात काळं जॅकेट टाकीवर पसरून जेवायला गेलात तर पॅड ४० अंशाच्या पुढे सहज जातं. सावलीत टांगा.

दुसरा शत्रू ओलावा. बरेचसे मऊ पॅड पॉलियुरेथेनचे असतात आणि उष्ण दमट हवेत त्या साहित्यातल्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. पावसाळाभर कपाटात पडलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ गणपतीत बाहेर काढल्यावर चुऱ्यासारखा गळून पडतो, तेच रसायन. पॅड आधी चिकट लागायला लागतं, मग कडेला भेगा पडतात, मग नखाने खरवडलं की पीठ निघतं. चिकटपणा आला की बदला, पिठाची वाट बघू नका. एरवी तपासायचं असं: पॅड अर्धं दुमडून दहा सेकंद धरा आणि सोडा. परत पहिल्या आकारात येत नसेल किंवा घडीवर पांढरी रेघ उरत असेल तर ते निकामी. पडल्यावर ज्या बाजूने आपटलात तिथलं पॅड वरून ठीक दिसलं तरी बदला.

पावसाळ्यात दर आठवड्याला पॅड खिशातून काढून पंख्याखाली सपाट ठेवा. उभी टांगून ठेवू नका, आकार बिघडतो. चुलीवरच्या माळ्यावर वाळवणं, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, यातलं काहीही नको. धुवायचं म्हणजे कोमट पाणी, एक थेंब शॅम्पू, फडक्याने पुसायचं. जॅकेट धुण्याआधी प्रत्येक पॅडवर मार्करने ‘उजवा खांदा’, ‘डावं कोपर’ असं लिहून ठेवा, वाटीची वरची बाजूही बाणाने दाखवा. उलटं बसवलेलं कोपराचं पॅड ही फार सर्रास दिसणारी चूक आहे.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी आणखी थोडं. खाऱ्या हवेत जॅकेटच्या धातूच्या चेनी गंजून अडकतात. जाड प्लॅस्टिकच्या दातांची चेन घ्या, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडी झाल्यावर मेणबत्ती घासा. आणि पट्ट्यांच्या वेल्क्रोमध्ये आपली तांबडी माती बसली की पट्टा धरत नाही, म्हणजे पुन्हा पॅड सैल. जुन्या दातांच्या ब्रशने दोऱ्या आणि माती काढत जा.

सड्यावरून

ताईंचं साहित्याबद्दलचं सगळं पटतं, पण मग कडक वाटीचं आर्मर का नको? प्लॅस्टिक उन्हात मऊ पडत नाही आणि ओलावाही पीत नाही. सड्यावरच्या कच्च्या वाटेला, जिथे चाकाखालचे दगड उडून गुडघ्याला लागतात, तिथे तेच चांगलं.

आंबोलीमार्गे

कच्च्या वाटेला हो, शंभर टक्के. पण कडक वाटीतही ठोका शोषतो तो आतला फोम. वाटी बळ पसरवते आणि टोकदार दगड अडवते. तो फोमही ओलाव्याने मरतो, फक्त वाटीमागे दडलेला असल्याने दिसत नाही. तेव्हा कडक घेतलं तरी आतली बाजू तपासायची. जाळीच्या जॅकेटच्या खिशात कडक वाटी घातली तर कडा टोचतात आणि दमट दिवसात तिथे घासून पुरळ उठतं, मग माणूस जॅकेटच घालत नाही. रोजच्या ९० किलोमीटरला मऊ, भोकं असलेलं पॅड घ्या.

घाटवळण

गुडघ्याबद्दल. आपल्याकडचा पावसाळी अपघात बघा कसा असतो: वळणावर शेवाळ किंवा वाहून आलेली माती, वेग ३०-४०, पुढचं चाक निसटतं आणि गाडी एका बाजूला आडवी. खुबा, गुडघा, कोपर, तळहात हेच जमिनीला लागतात. शिवाय रस्त्याला मोकळी कड नाही. एका बाजूला गडगा म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला व्हाळ म्हणजे ओढा. जांभ्याचा गडगा म्हणजे किसणी, आणि त्याच्या कोपऱ्यावर आपटलं तर ठोका एकाच जागी बसतो. त्यामुळे गुडघा आणि खुबा यांना मी खांद्याच्या लेव्हल २ पेक्षा आधी धरतो.

रायडिंग पॅन्ट आणि पट्ट्यांचे गार्ड यांत पॅन्ट सरस, कारण तिचं कापडही काम करतं. साधी जीन्स घसरताना क्षणात फाटते, आणि पावसात भिजली की दिवसभर वाळत नाही. पण पॅन्ट निवडताना तीन गोष्टी बघा. गुडघ्याच्या खिशाला आत वरखाली वेल्क्रो असावं, म्हणजे पॅड दोन-तीन उंचीवर लावता येतं. खुब्याला खिसा असावा, त्यात स्पंज असला किंवा तो रिकामा असला तरी चालेल, पुढे एच पॅड घालता येईल. आणि मांडीला-गुडघ्याला घट्ट बसणारी असावी.

गुडघ्याचं पॅड उभं राहून लावू नका. उभ्याने ते गुडघ्याच्या वाटीच्या थोडं खाली दिसायला हवं, कारण बसल्यावर पॅन्ट वर ओढली जाते. गाडीवर बसून पाय फुटपेगवर ठेवा: गुडघ्याची वाटी पॅडच्या मध्यावर, पॅडची वरची कड वाटीच्या दोन बोटं वर, उरलेला भाग नडगीवर.

पैसे पुरत नसतील तर पट्ट्यांचे गार्ड, पण के शिक्का असलेलेच. स्केटिंगचे किंवा क्रिकेटचे गार्ड नकोत. किमान दोन पट्टे पाहिजेत, तीन असले तर उत्तम. खालच्या पट्ट्यांतला एक गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरी फुगते त्याच्या वर बसला पाहिजे. पोटरीच त्याला खाली घसरू देत नाही. नुसत्या पोटरीवर बांधलेला गार्ड पावसात पाच किलोमीटरमध्ये घोट्याकडे येतो. पॅन्टच्या आत घातला तर घाम जास्त, पण सरकत कमी.

सड्यावरून

पावसाच्या कपड्यांचं राहिलं. जॅकेटच्या आत लावायचं रेन लायनर आपल्या पावसाला उपयोगाचं नाही. लायनर अंग कोरडं ठेवतं, पण बाहेरची जाळी, अस्तर आणि पॅड सगळं पाणी पिऊन जड होतं. ओल्या जॅकेटची बाही वजनाने खाली ओढते, म्हणजे पुन्हा पॅड जागेवरून हलतं. वरून घालायचा रेनकोट घ्या, आणि घेताना आर्मरवाल्या जॅकेटवर घालून हँडल धरून बघा. खांद्यात तंग असेल तर हात पुढे नेल्यावर मनगट उघडं पडतं आणि बाहीतून पाणी आत शिरतं.

हातमोजे आणि बूट यांवर थोडक्यात. हातमोज्याला ईएन १३५९४, बोटांच्या गाठींवर संरक्षण असेल तर केपी लिहिलेलं असतं. तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर घसरणारी प्लॅस्टिकची पट्टी असलेले घ्या, नाहीतर तळहात रस्त्याला चिकटतो आणि अंगठ्यामागचं छोटं हाड मोडतं. पायात घोटा झाकणारा बूट, पावसाळ्यातली रबरी चप्पल गाडीवर नको.

वाशिष्ठी३५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मग मी असं ठरवतो: पाठीला सीबी लेव्हल २, टी+ वाला. पट्ट्यांचे के+एल गार्ड आत्ता, रायडिंग पॅन्ट दिवाळीनंतर. उजव्या बाहीला इलॅस्टिक. कोपराला ए च्या जागी बी, लेव्हल २. खांदे आहेत तसे. बरोबर? आणि पाठीचं पॅड ऑनलाइन मागवलं तर माझ्या खिशात बसेल कसं कळणार?

जांभाखडी

क्रम बरोबर आहे. पाठीला तुमच्या खिशात एफबी मावत असेल तर सीबीऐवजी तेच घ्या.

मापासाठी स्पंज फेकू नका. तो वर्तमानपत्रावर ठेवून पेनाने कड काढा आणि कापा. मग तो कागद जॅकेटच्या खिशात घालून सपाट बसतो का बघा, कारण पुष्कळदा स्पंज खिशापेक्षा लहानच असतो. खिशाच्या चारी कडांना बोट फिरवून कागद वाढवत किंवा कमी करत खरं माप काढा. लांबी, वरची रुंदी, कंबरेकडची रुंदी असे तीन आकडे लिहून घ्या आणि विक्रेत्याच्या आकृतीशी ताडून बघा. आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, एम आणि एल वर जाऊ नका. खिशापेक्षा पॅड सेंटिमीटरभर लहान चालेल, मोठं अजिबात नाही, कड दुमडली की पाठीला टोचतं आणि मधे फुगा येतो. जाडीही बघा. स्पंजपेक्षा जाड पॅड घातल्यावर जॅकेट पुढून तंग होतं, चेन लावून हँडलपर्यंत हात नेऊन बघितल्याशिवाय परत करण्याची मुदत संपू देऊ नका. कोपराच्या बी पॅडसाठीही असाच कागद कापा, कारण ए च्या खिशात बी पुष्कळदा मावत नाही. नाही मावलं तर ए, लेव्हल २ घ्या.

आंबोलीमार्गे

गार्ड आले की पट्टे घट्ट बांधून आधी घरात अर्धा तास बसा. गुडघ्यामागे मुंग्या आल्या तर वरचा पट्टा सैल करा, खालचा नको.

वाशिष्ठी३५०

कागद कापला. पाठीचा खिसा ४१ सेंटिमीटर लांब, वर २९, कंबरेला २३ निघाला. स्पंज ३८ चाच होता.

जांभाखडी

मग ४० लांबीपर्यंतचं शोधा. आणि कंबर ते खांदा मोजलेलं अंतर पॅडवर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरत असेल तर ते पॅड तुमच्यासाठी आखूड आहे, खिशात बसलं तरी.